टाकेमावशींनी अनुमती दिली नाही

आमच्या इस्पितळाच्या तळघरात कापडकोठी आहे. दोन खोल्या. पहिलीत धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे झगे, शस्त्रक्रियेच्या वेळी पांघरायची हिरवी कापडं मोजायची आणि वॉर्डांकडे पाठवायची. ते काम माझं, मी तिथला कारकून. दुसऱ्या खोलीत फाटकं, उसवलेलं शिवायचं. ते काम टाकेमावशींचं. त्यांच्या मशीनच्या वर, अगदी छताला लागून एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात.

टाकेमावशी हे नाव त्यांना एका सर्जनने दिलं. "माझ्यापेक्षा जास्त टाके तुम्ही घालता," असं तो म्हणाला. मावशींनी मशीनवरून मान वर न करता उत्तर दिलं, "आणि माझे काढायला कुणाला परत यावं लागत नाही." सर्जन हसत वर गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर नाव झालं.

बाई अशा होत्या. रुग्णांच्या झग्याला पाठीमागे दोन बंद असतात, एक मानेशी, एक पाठीवर. रुग्ण उठून चालायला लागला की खालचं सगळं उघडं पडतं. माणूस एका हाताने सलाइनचा खांब धरतो आणि दुसऱ्या हाताने मागचा झगा. मावशींनी हे वॉर्डात कामाला असताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तळघरात आल्यावर त्यांनी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक झग्याला कमरेपाशी तिसरा बंद लावायला सुरुवात केली. सुपरवायझर खाली आले. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? नाडी जास्त जाते, वेळ जास्त जातो." मावशींनी कात्री उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "नको असेल तर तुम्ही उसवा. मी नाही उसवणार." साहेबांनी कात्रीला हात लावला नाही. झग्यांना आज तीन बंद आहेत.

मागच्या वर्षी नोटीस लागली. एक तारखेपासून हजेरी मोबाइलवर घेतली जाईल, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी आपापली सोय करावी. मावशींकडे बटणांचा फोन होता. बटणांवरचे आकडे कधीच झिजून गेले होते, पण त्यांच्या बोटांना पाठ होते. मुलगा, सून आणि मावशी दोन खोल्यांत राहतात. मुलगा पार्सल पोचवण्याच्या कंपनीत गाडी चालवतो. तो म्हणाला, "आई, माझा जुना घे. काच थोडी तडकलीय, पण चालतो. तुला काय करायचंय नवीन?"

सुट्टीच्या दिवशी मावशी एकट्याच दुकानात गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजी, मुलाला घेऊन या, म्हणजे नीट समजावून सांगतो."

"पैसे मी देणार, फोन मी वापरणार, आणि समजणार मुलाला?"

पोरगा वरमला. त्याने तीन फोन मांडले. मावशींनी सगळ्यांत मोठ्या अक्षरांचा निवडला. पोराने तो उघडला, भाषा मराठी केली आणि अंगठा भराभर चालवायला लागला. पडद्यावर काहीतरी यायचं, तो दाबायचा. पुन्हा यायचं, पुन्हा दाबायचा. मावशींनी फोनवर पंजा ठेवला.

"थांब. काय विचारतोय तो?"

"काही नाही हो आजी. परवानगी मागतोय. सगळे हो म्हणतात."

"कुणाला मागतोय?"

"म्हणजे... तुम्हाला."

"मग मला वाचू दे."

दुकानात मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. पोराने फोन तसाच खोक्यात घालून दिला.

पुढच्या दोन संध्याकाळी मावशी चष्मा लावून घरी तो फोन वाचत बसल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या बाई. एक एक ओळ तोंडाने म्हणायच्या, मग विचार करायच्या, मग बोट ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. रुमालात गुंडाळलेला होता.

"भाऊ, हे यंत्र मला आवडलं."

"का? फोटो चांगले येतात?"

"विचारतं हो. बघा." त्यांनी काहीतरी उघडलं. पडद्यावर चौकट आली. यांना तुमचे संपर्क पाहू द्यायचे का? अनुमती द्या. अनुमती देऊ नका. मावशींनी बोट अगदी सावकाश खाली नेलं आणि 'देऊ नका' दाबलं. चौकट मुकाट्याने गेली.

"बघितलंत? गेलं. रुसलं नाही, आवाज चढवला नाही." त्या स्टुलावर बसल्या. "माझं लग्न ठरलं ते मला शेजारणीकडून कळलं. माझं पहिलं मशीन नवऱ्याने विकलं, ते रिकामा कोपरा बघून कळलं. इथे मला वॉर्डातून उचलून तळघरात टाकलं, ते शिपायाने सांगितलं. सत्तावन्न वर्षांत कुणी म्हटलं नाही, बाई, असं करू का. आणि हे साधा कॅमेरा उघडायचा तरी विचारतंय."

माझा फोन घेतला त्या दिवशी मी दुकानातच सगळ्याला हो म्हणून मोकळा झालो होतो. कशाकशाला, ते मला आजही माहीत नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मावशींना त्या फोनचं फार कौतुक होतं. कॅमेरा मोठा करून त्या स्वतःची शिवण तपासायच्या आणि स्वतःवरच नाराज व्हायच्या. "डोळ्याला सरळ दिसते, इथे बघा कशी वाकडी चाललीय." एकदा त्यांनी हात मागे नेऊन स्वतःच्या डोक्याच्या मागचा फोटो काढला. फोटो बराच वेळ पाहिला. "मागून इतकी पांढरी झालेय, आणि कुणी बोललं नाही," म्हणाल्या. दूरच्या गावी असलेल्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला. बहिणीने फोन कसा धरला होता कोण जाणे, वीस मिनिटं तिच्या स्वयंपाकघराचं छत दिसत राहिलं. मावशी छताशीच बोलल्या. "तुझ्याकडे ओल आलीय, रंग काढून घे," असं सांगून फोन ठेवला.

मग एक तारीख आली.

हजेरीचं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये घालायला सुपरवायझर स्वतः फाटकाशी उभे होते. धोबीखात्यातले, आया, सफाईवाले, मी, सगळे रांगेत. आपला फोन द्यायचा, ते चार वेळा दाबायचे, झालं. मावशींनी फोन दिला नाही. "मी करते," म्हणाल्या, आणि रांगेतून बाजूला होऊन भिंतीला टेकून वाचत बसल्या. फोटो काढण्याची अनुमती त्यांनी दिली. नावाची दिली. शेवटी अ‍ॅपने विचारलं, तुमचे स्थान कायम पाहू द्यायचे का?

"कायम म्हणजे?" मावशींनी सुपरवायझरना विचारलं.

"म्हणजे तुम्ही हॉस्पिटलात आहात की नाही ते कळतं."

"ते आत असताना. घरी गेल्यावर?"

"अहो, ते चालूच राहतं. कोण बघतंय तुमच्याकडे? दाबा."

"फक्त कामाच्या वेळेला चालेल का?"

"नाही चालत. अ‍ॅप घेत नाही."

मावशींनी 'अनुमती देऊ नका' दाबलं. अ‍ॅप म्हणालं, हजेरी नोंदवता येत नाही. मावशींनी फोन रुमालात गुंडाळला, खाली आल्या आणि मशीनला दोरा लावला. त्या दिवशी त्यांनी एकतीस नग शिवले. संध्याकाळी यादीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहून आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमच्या वहीत लिहा ना, मी आले होते म्हणून."

वही माझ्यासमोर उघडी होती. पण सुपरवायझरनी सकाळीच बजावलं होतं की हजेरीचं काहीही हाताने लिहायचं नाही. मी म्हणालो, "मावशी, ते माझ्या हातात नाही."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात पेन होतं. मग त्या निघून गेल्या. तेव्हा वाटलेली लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या दिवसापासून मावशींनी फोटो काढायला सुरुवात केली. सकाळी आल्या आल्या फाटक्या कापडांच्या ढिगाचा एक, जाताना शिवलेल्या गठ्ठ्याचा एक. दोन्हींत मागे भिंतीवरचं घड्याळ, आणि कोपऱ्यात त्यांचा डावा हात, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घातलेलं. मी विचारलं, हे कशाला. "साहेब म्हणतात मी नाही. मग हे कोण शिवतंय ते तरी बघू."

याच दिवसांत घरीही पेटलं, तेही मावशींनीच मला सांगितलं. मुलाला वाटलं, आईकडे आता नवा फोन आहे, तर ती कुठे असते ते आपल्याला दिसावं. वय झालंय, रस्ते ओलांडते, कधी काय होईल. तो म्हणाला, "आई, पासवर्ड सांग. मी एक सेटिंग करून देतो."

"कसलं?"

"तू कुठे आहेस ते मला कळेल."

"मला विचारलंस तरी कळेल."

"तू फोन उचलत नाहीस."

"मशीनवर असते. नंतर करते ना."

मुलगा चिडला. "यात एवढं काय आहे? मला कंपनी दिवसभर बघते. गाडी कुठे आहे, किती मिनिटं थांबली, चहाला थांबली का, सगळं. मेलो का मी?"

"तुला कुणीतरी बघतं, म्हणून तू मला बघणार?"

मुलगा ताट सारून उठला. चार दिवस त्या दोन खोल्यांत मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी सुनेच्या मार्फत. पाचव्या दिवशी सून भाजी चिरता चिरता, मान खाली घालून हळूच म्हणाली, "आई, मला पण दाखवा ना, ते कुठे बंद करतात."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "तुझंही बघतो तो?"

"लग्न झाल्यापासून. काळजीने बघतात, मला माहितीय. पण माहेरून निघायला दहा मिनिटं उशीर झाला तरी फोन येतो."

मावशींनी तिला दाखवलं. बटणावर बोट मात्र सुनेलाच ठेवायला लावलं. त्या संध्याकाळी मुलगा घरी आला तो फोन हातात धरूनच. आधी बायकोवर ओरडला, मग आईवर, मग दमून खाटेवर बसला. मावशींनी त्याच्यासमोर पाणी ठेवलं आणि चार दिवसांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या. "काळजी वाटली तर फोन कर. मी सांगेन. ही पण सांगेल. आम्ही कुठे पळून चाललोय का?" तो पाणी प्यायला.

कामाच्या अकराव्या दिवशी संध्याकाळी मावशींना प्रशासनाच्या मॅडमनी वर बोलावलं. मला चादरींच्या हिशेबाची वही घेऊन यायला सांगितलं होतं, म्हणून मीही गेलो. सुपरवायझर आधीच बसले होते. मावशींना कुणी बसा म्हटलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

मॅडम आवाज न चढवता बोलणाऱ्या होत्या. "मावशी, सगळ्यांनी अनुमती दिली आहे. तुम्हालाच काय अडचण आहे?"

"सगळ्यांनी वाचलं नाही, मॅडम. मी वाचलं."

"त्यात एवढं वाचण्यासारखं काय आहे?"

"इथे आठ तास मी तुमची आहे. फोटो घ्या, अंगठा घ्या, तासातासाला खाली येऊन बघा. पण फाटकाबाहेर पडल्यावर मी कुठे जाते, ते हॉस्पिटलला कशाला हवं?"

"ते आपोआप असतं. कुणी बघत नाही."

"बघत नाही, तर मागता कशाला?"

सुपरवायझर मध्ये पडले. "लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस एवढा अडत नाही."

मावशी त्यांच्याकडे वळल्या नाहीत. मॅडमनाच म्हणाल्या, "तुमच्या या केबिनच्या दाराला आतून कडी आहे. तुम्ही आत काय लपवता?"

मॅडमनी एकदा दाराकडे पाहिलं. सुपरवायझर लाल झाले. "नियम पाळायचा नसेल तर कामाला येऊ नका."

"लेखी द्या," मावशी म्हणाल्या. "लिहा की ही बाई रोज वेळेवर येते, काम करते, पण घरी गेल्यावर कुठे असते ते सांगत नाही, म्हणून काढली. सही करा, शिक्का मारा. मी उद्यापासून येत नाही."

कुणी कागद पुढे ओढला नाही. मावशींनी रुमाल सोडला आणि फोन मॅडमच्या समोर ठेवला. नऊ दिवसांचे अठरा फोटो. मॅडमनी एकेक पाहिला. ढीग, गठ्ठा, घड्याळ, हात. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "अकरा दिवसांचे शिवलेले नग इथे आहेत, मॅडम. कोठीत शिवणारं दुसरं कुणी नाही." सुपरवायझरनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण बोलून झालं होतं.

मॅडमनी तिथूनच अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. स्थान फक्त कामाच्या वेळेपुरतं घेता येईल का, असं विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला ते आम्हालाही ऐकू आलं. येईल ना मॅडम, तशी सोय आहे, तुमच्याकडून कुणी मागितली नव्हती.

मॅडमनी फोन ठेवला आणि सुपरवायझरकडे पाहिलं.

सोय यायला दोन महिने लागले. तोवर कापडकोठीत हजेरीची वही पुन्हा सुरू करायचं ठरलं. पहिल्या दिवशी तिच्यात मावशींची एकटीची सही होती. आठवड्याने धोबीखात्यातले दोघं आले. महिन्याच्या शेवटी अठरा जण होते, आणि त्यातला एक मी. मी माझ्या फोनमध्ये बसून काय काय दिलंय ते शोधलं. संध्याकाळ गेली त्यात.

मावशींचे नऊ दिवस हजर म्हणून लागले. पहिले दोन लागले नाहीत. त्या दोन दिवसांचे फोटो नव्हते, आणि वहीत नग लिहिलेले असतात, ते कुणी शिवले हे लिहिलेलं नसतं, असा सुपरवायझरनी मुद्दा काढला. दुसरं कुणी शिवणारंच नाही, हे मी पुन्हा सांगितलं. लेखीही दिलं. उपयोग झाला नाही. मावशी दर महिन्याच्या पाच तारखेला त्या दोन दिवसांसाठी अर्ज करतात. आता तो फोनवरच लिहितात, आणि मी छापून वर पाठवतो. आतापर्यंत चौदा गेले. उत्तर आलेलं नाही. मी एकदा म्हटलं, मावशी, सोडून द्या आता, दोनच तर दिवस. त्या म्हणाल्या, "ते दोन दिवस मी इथे होते."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील. इतरांना मिळते तशी मुदतवाढ त्यांना मिळणार नाही, असं माझ्या कानावर आलंय. त्यांच्याही आलंय. "नाही तर नाही," एवढंच म्हणाल्या आणि अभ्र्याची कड दुमडायला लागल्या. मुलगा अजून थोडा फुगलेलाच आहे, पण रोज दुपारी एकदा फोन करतो. कधी त्या उचलतात, कधी नंतर करतात.

जेवणाच्या सुट्टीत हल्ली कापडकोठीबाहेरच्या बाकावर बायका येऊन बसतात. कुणी नवा फोन घेतला की तो दुकानातून थेट मावशींकडे येतो. मागच्या आठवड्यात बाळंतिणींच्या वॉर्डातली आया आली. तिला वाचता येत नाही. मुलगी लांब नोकरीला गेलीय, तिच्याशी बोलायला म्हणून फोन घेतलेला. मावशींनी चष्मा लावला आणि वाचलं, "हे म्हणतंय, तुझा आवाज ऐकू का. द्यायचं की नाही?"

आया गोंधळली. "तुम्ही सांगा. तुम्ही तर नाहीच म्हणता."

"माझं सोड. तुला विचारतंय. मुलीशी बोलायचं तर आवाज द्यावा लागेल. बाकी कशाला नको असेल तर नंतर बंद करता येतं."

आया बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. शेजारी बसलेल्या बायका जेवायच्या थांबल्या. मग तिने पदराला बोट पुसलं आणि विचारलं, "'द्या' कुठलं?" मावशींनी दाखवलं, आणि तिने ते दाबलं.